वीणाबाईंचं प्रभुभोजन

बसा रे, गाण्यांचा सराव झाला ना? गेलेला करंट यायला अजून वेळ आहे. आणि प्रणीत, तू आपल्या चर्चच्या येत्या निवडणुकीत वडील म्हणून उभा राहतोयस म्हणे. जरा पुढे सरक. ही गोष्ट तुझ्या कामाची आहे. खरी आहे, मी त्या माणसाला ओळखतो.

विद्याधर उजागरे. महादेवपुऱ्यात कुठल्याशा कंपनीत मॅनेजर. मंडळीचा वडील, आपला एल्डर, म्हणजे पहिल्या बाकावर बसणारा, पाहुण्यांना हार घालणारा आणि फोटोत पाळकांच्या, म्हणजे पास्टरांच्या, शेजारी उभा राहणारा, एवढीच त्याची समजूत. निवडून आल्यावर सोनेरी अक्षरांत ‘वडील’ छापलेली कार्डं वाटली त्याने.

वडिलाला कष्टाचं काम एकच असतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासना झाली, की अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी प्रभुभोजन न्यायचं. एका डब्यात पाळकांनी आशीर्वाद दिलेली भाकर, बाटलीत द्राक्षरस, दोन इवले प्याले. एक आजाऱ्याचा, एक वडिलाचा. उजागरेकडे जयनगरच्या वीणाबाई होत्या. वय नव्वदीचं. कूस बदलायलाही माणूस लागायचा. सून संपदा नर्स, रविवारी तिची ड्यूटी. म्हातारी महिनाभर त्या घासाची वाट बघत पडून असायची.

आणि हा बहाद्दर चार महिने तिकडे फिरकला नाही. ट्रॅफिक फार असतं म्हणे! रस पार्किंगमधल्या कुंडीत ओतायचा, भाकर कबुतरांना टाकायचा आणि पाळकांना सांगायचा, “देऊन आलो.”

मग आला दोन मार्च, दोन हजार पंचवीस. रविवार. संध्याकाळी संपदाचा पाळकांना फोन आला. “सासूबाई रात्र काढतील असं वाटत नाही, प्रभुभोजन मागताहेत. मी ऑक्सिजन आणायला निघालेय, दार नुसतं लोटलेलं आहे.” पाळक दुपारीच गावाला गेलेले. त्यांनी उजागरेला पिटाळलं; सकाळचा डबा अजून त्याच्या गाडीतच होता. आता नाही म्हणायची सोय नव्हती.

साडेआठला तो पोचला. आत शिरून दाराला कडी लावली. आतल्या खोलीत झिरोचा दिवा. वीणाबाई पलंगावर बसल्या होत्या. आधाराशिवाय. ताठ.

“सलाम, आजी. मी वडील उजागरे.”

“वडील दर महिन्याला येतात की.”

“हो... तो मीच.”

त्यांची नजर त्याच्या पायांकडे गेली.

“ते बूट काढून येतात.”

हा घाबरला. बूट काढले. प्याला भरला. तेवढ्यात बाहेरच्या खोलीत पावलं वाजली. अनवाणी. सावकाश.

कडी तर आतून लावलेली...

पावलं उंबऱ्याशी आली. आत आली. त्याच्या पाठीशी थांबली.

त्याने मागे पाहिलं नाही.

वीणाबाई हसल्या. त्याच्या खांद्यावरून मागे बघत.

“द्या त्यांच्याकडे,” त्या म्हणाल्या. “तुम्ही जा आता.”

आणि त्याच्या बोटांतून प्याला कुणीतरी... अलगद काढून घेतला.

तो पळाला. नुसत्या मोज्यांवर गाडी चालवत बसवनगुडीला माझ्या घरी आला. हे सगळं त्याच्याच तोंडून ऐकलंय मी. म्हटलं, परत जा, म्हातारी एकटी आहे. तर म्हणतो, “सकाळी बघू.” असला वडील!

वीणाबाई त्याच रात्री गेल्या. सोलापूरचे नातलग यायचे होते, म्हणून दफन तिसऱ्या दिवशी ठरलं. तिथे हा कोट घालून हजर. माइक हातात घेऊन सांगतोय, “शेवटचं प्रभुभोजन द्यायचा मान मला मिळाला.” थुंकावंसं वाटलं मला.

मग संपदा त्याच्याजवळ आली. हात जोडून म्हणाली, “अण्णा, त्यांच्या कपाळावर तेलाने क्रूस काढलात, फार बरं वाटलं.”

उजागरे मागे सरकला. “तेल? कुठलं तेल?”

आपल्या मंडळीत कुणी तेल लावत नाही. कधीच नाही. मी शवपेटीजवळ गेलो, वाकून पाहिलं. बोटाने काढलेला क्रूस होता. हात लावला...

तिसऱ्या दिवशीही ओला होता.