जेसी आत्याची हातगाडी

"चोरायचीच होती, तर न कुरकुरणारी तरी निवडायची," मी मागून म्हटलं.

तो दचकून थांबला. आमच्या एकचाकी हातगाडीत त्याची बॅग, दुर्बीण, पावाची पिशवी... आणि भुवयांवर लाटांचे तुषार.

"मला वाटलं, या गाड्या गावाच्या आहेत."

आमच्या क्रोव्ही गावात प्रत्येक नवखा हीच चूक करतो. कडा आणि समुद्र यांच्यात आमच्या घरांची एकच ओळ. मोटारी वरच थांबतात. गॅसपासून नवरीच्या पेटीपर्यंत सगळं ज्याच्या त्याच्या हातगाडीवरून येतं.

"न्या. पण आमच्या जेसी आत्याचा नेम आहे — घरची गाडी रिकामी परत घ्यायची नाही."

"म्हणजे भाडं?"

"भाडं नव्हे, रीत."

फर्गस उन्हाळ्यापुरता ट्रूप हेडच्या कड्यावरचे पक्षी मोजायला आला होता. त्याला गाडी जरा जास्तच वेळा लागू लागली. कधी ती दोन मॅकरेल मासे घेऊन परत यायची, कधी वाहून आलेलं लाकूड. एकदा तर नुसतं एक पांढरं पीस.

"पिसाला गाडी कशाला?" विणकामातून मान वर न करता आत्या म्हणाली. "खिसा नाही का त्याला?"

सकाळी मी उंबऱ्यावर स्तोत्र वाचायला बसायची. हल्ली एकच ओळ दोनदा वाचली जायची... कान चाकाच्या कुरकुरीकडे. आत्या वंगण घालायला निघाली, तेव्हा मी डबीच लपवली.

सप्टेंबरात पिल्लं उडून गेली. फर्गसला ग्लासगोत नोकरी लागली. बॅग वर न्यायला तो गाडी मागायला आला. थांब म्हणावंसं वाटलं — पण कुणाच्या पोटावर पाय कसा द्यायचा?

"वर रस्त्याला ठेवून जा," एवढंच म्हटलं. "मी आणीन मागाहून."

तासाभराने चढ चढून गेले. गाडी तिथेच होती, गाडीत त्याची बॅग, आणि शेजारच्या दगडावर तो.

"बॅनफहून मोटार आली नाही?"

"आली होती. परत पाठवली."

"आणि नोकरी?"

"नको म्हणून कळवलं. इथे जवळच, मॅक्डफला बोटी रंगवायला माणूस हवाय." तो स्वतःच्या तळहातांकडे बघत होता. "रिकामी पाठवायची नाही ना... खूप शोधलं, रोना. ठेवण्यासारखं दुसरं काही सापडलं नाही."

वारं डोळ्यांत गेलं म्हणून मी समुद्राकडे पाहिलं. मग एक दांडी त्याने धरली, एक मी. उतारभर चाक कुरकुरत राहिलं.

आत्या दारातच होती. तिने गाडीत डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे.

"पिसापेक्षा बरं आहे," ती म्हणाली. "आता ती वंगणाची डबी काढ बघू, पोरी."