मागे टेकायला जागा

पत्ते ठेवा जरा खाली. दामियानच्या शवपेटीला एकटं सोडायचं नाही म्हणून रात्र जागवतोय ना आपण? मग नीट जागा. आणि ती पाठीची खुर्ची नको रे मला. ते स्टूल दे, प्लास्टिकचं. हां. ज्याला पाठ नाही ते बरं. कॉफी घे, सगळ्यांना दे, आणि मी असाच का बसतो ते ऐका.

ही कुठे वाचलेली गोष्ट नाही. माझ्या भाचीची आहे, रोडालिनची. लाइव्हवर हातमागाच्या चादरी विकते तीच. मघाशी तुम्हाला बिस्किटं वाटून गेली ना? तीच. हसू नका, हसण्यासारखं काही नाही त्यात.

गेल्या ऑक्टोबरची अठ्ठावीस तारीख, मंगळवार. मृतांच्या दिवसाला चारच दिवस उरलेले. सगळं गाव थडगी घासायला निघालं होतं आणि रोडालिन निघाली खुर्ची घ्यायला. माझ्या तीनचाकीतून.

तिची तेव्हाची गत तुम्हाला ठाऊक नसेल. नवरा बोटीवर होता, त्याने दुसऱ्याच बंदरात नांगर टाकला. पदरात झिया, पाच वर्षांची. हाँगकाँगला घरकामाची नोकरी जमत आली होती, कागद तयार होते, शुक्रवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. हो म्हटलं की दोन वर्षं लेकीचं तोंड दिसायचं नाही. परत आल्यावर लेक ओळख देईल की नाही, तेही देवालाच ठाऊक. तिला जायचं नव्हतं. लाइव्हवर चादरी खपल्या तरच तिला 'नाही' म्हणता येणार होतं, आणि लोक तर टिकतच नव्हते. पाच मिनिटं बघायचे, निघून जायचे.

आपल्या गावची थोरली ताई, मानांग पुरा, ती हवाईला असते. तिने एकदा लाइव्हवरच लिहिलं, "बाळ, तू दवाखान्याच्या रांगेत बसल्यासारखी बसतेस. तुला बघून माझी कंबर दुखायला लागते."

खरंच होतं ते. तीन-तीन तास स्टुलावर बसायची बिचारी. कण्हत कण्हत चादर उलगडली तर कोण घेणार?

तर व्हिगानच्या दुकानात गेलो. दुकानदाराने पहिली काढली ती लाल-काळी, मोटारीच्या सीटसारखी, खांद्यांना पंख फुटलेली. "सगळे लाइव्हवाले हीच नेतात," म्हणाला. रोडालिन बसली, फोन समोर धरला, स्वतःला पाहिलं.

"अंकल, ह्यात मी कुठाय?"

"आहेस की. कोंबड्यांच्या झुंजीच्या रिंगणात पिल्लू चुकून शिरावं तशी."

शिवाय ती गोल फिरणारी. रोडालिनला बोलताना डुलायची सवय. बघणाऱ्यांना बोट लागल्यासारखं व्हायचं. दुसरी वेताची, मागे मोठा गोल पिसारा. दिसायची झकास, पण हललं की कुरकुर. "माइकला आधी खुर्ची ऐकू जाईल, मग मी," रोडालिन म्हणाली. तिसरीला हात होते. हातांमध्ये चादर पसरायची कशी? म्हणजे हात नकोत, चाकं नकोत, आवाज नको, आणि पाठ सरळ हवी, खांद्यापर्यंतच. दुकानदार वैतागला. "अशी खुर्ची सुताराकडून करून घ्या, बाई."

"माझ्याकडे आहे तशी," मागून कुणीतरी म्हणालं.

विल्फ्रेडो होता. रस्त्यालगत चिंचेखाली ते बंद घर आहे ना, आपोंग इनिसचं, तिचा पुतण्या. म्हातारी एप्रिलमध्ये गेली. घर मोकळं करत होता.

"काय घेणार?" मी विचारलं.

"काही नको. घेऊन जा फक्त."

फुकट म्हटलं की माझ्या मनात पाल चुकचुकते, पोरांनो. आपल्याकडे कुणी गंजका खिळा फुकट देत नाही. पण रोडालिनचे डोळे लकाकले होते. तिला मी काय सांगणार?

घर उघडलं. ओटीवर, रस्त्याकडच्या खिडकीपाशी, एकटीच खुर्ची. जुनं लाकूड, वेताने विणलेली बैठक, हात नाहीत, पाठ सरळ. रोडालिन बसली, डुलली, मुद्दाम उड्या मारल्या. चूं नाही की चां नाही.

"आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन," ती म्हणाली.

मी विल्फ्रेडोकडे बघत होतो. तो उंबऱ्याबाहेरच उभा.

"ये की आत. हात लाव."

"पाठ धरलीय, मानोंग सिमो."

त्याच दिवशी सकाळी मी त्याला तांदळाचं पोतं खांद्यावरून नेताना पाहिलं होतं. आता बोला.

"म्हातारीच्या नावाने पान ठेवलं होतंस का रे? भात, अंडं?"

"ठेवलं असेल कुणीतरी," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता.

आणि मग निघताना ती चूक झाली.

परक्या घरातून निघताना आपण काय करतो? हाक मारतो. आपल्या जिवाला. तो रेंगाळतो, मागे राहतो, म्हणून त्याला नाव घेऊन बोलवायचं. विल्फ्रेडोने फाटकाशी हाक मारली. चांगली खणखणीत, "विल्फ्रेडो, चल, घरी चल." आत पाऊल न टाकलेला माणूस, तरी मारली. रोडालिनच्या दोन्ही हातांत खुर्ची. घाईत. हसत हसत म्हणाली, "चल गं, चल. मागे राहू नकोस."

एवढंच. नाव नाही घेतलं.

"नाव घे," मी म्हटलं.

"अंकल, मी इथेच आहे की! अजून कुणाला बोलावू?"

मी पुन्हा म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं. तीनचाकी चालू केली.

रात्री साडेआठला लाइव्ह सुरू झालं. झिया आतल्या खोलीत झोपलेली. माझं काम फोनच्या मागे उभं राहायचं, चष्मा लावून. ती चादर दाखवते, लोक खाली 'माझं' असं लिहितात, ज्याने आधी लिहिलं त्याची चादर. मी नावं मोठ्याने वाचतो.

पहिली पंधरा मिनिटं झक्क गेली. लोक वाढले. 'नवी खुर्ची छान.' 'आज रोडालिन राणी दिसते.' 'माझं.' 'माझं.' माझा घसा दुखायला लागला, असं कधी झालं नव्हतं. रोडालिनचा चेहरा फुलला होता. मधेच माझ्याकडे बघून तिने ओठांनीच म्हटलं, 'जायला नको!' आणि मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू.

मग एकाने लिहिलं, 'आजीला नीट बसू द्या की.'

मी ते वाचलं नाही. कुणीतरी चावट असेल. मग दुसऱ्याने. 'मागे कोण आहेत? तुमच्या सासूबाई?' तिसऱ्याने लिहिलं, 'म्हातारीला डुलकी लागलीय, हा हा.'

विल्फ्रेडो! माझ्या डोक्यात पहिलं तेच आलं. त्याने दोस्तांना सांगून मांडलेली थट्टा. नाहीतर फोनचंच काहीतरी. हल्ली फोन माणसाला मांजराचे कान चिकटवतो, त्याला म्हातारी चिकटवायला किती वेळ? मी वाकून पडद्यावर पाहिलं. रोडालिन एकटीच. वर बघितलं. रोडालिन एकटीच.

तेवढ्यात मानांग पुराचं आलं. पुरा थट्टा करणारी नाही, तिला थट्टा कळतच नाही. तिने लिहिलं होतं,

'सिमो, ही इनिसची खुर्ची ना?'

खुर्ची कुठली ते आम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं.

'तिची लेक फ्लोरा इकडे हवाईला आली. परत गेलीच नाही. इनिस ह्याच खुर्चीवर बसून रस्त्याकडे बघायची. आताही तशीच बसलीय.'

मी पुन्हा वर बघितलं. ह्या वेळी नीट बघितलं.

रोडालिन खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती. चार बोटं जागेवर. पाठ ताठ. मागे सगळी खुर्ची मोकळी.

"रोडालिन," मी हळूच म्हटलं, "मागे टेकून बस की."

ती चादरीची घडी घालत होती. मान वर न करता म्हणाली,

"जागा कुठाय?"

साध्या आवाजात म्हणाली. आपण बाकावर म्हणतो ना, तशी.

मग तिचे हात थांबले.

तिने स्वतःच ते ऐकलं होतं...

पडद्यावर 'माझं', 'माझं' येतच होतं.

आणि खुर्ची वाजली.

एकदाच. मागच्या बाजूला. कुणी सावरून बसावं तशी. रोडालिन तसूभर हलली नव्हती.

फोन मी बंद केला. पण हवाईहून, हाँगकाँगहून, सगळ्यांनी तोवर ते ऐकलं होतं. विचारा पुराला.

रात्रभर आम्ही दोघं झियाच्या उशाशी बसून होतो. रोडालिन मला धरून होती. "तिला बोलावलं मी, अंकल. मीच 'चल' म्हटलं." चादरी सगळ्या गेल्या होत्या, अगदी दारावरचा पडदासुद्धा कुणीतरी मागितला होता. तिला त्याचा आनंद होईना.

उजाडल्यावर खुर्ची तीनचाकीत घातली. विल्फ्रेडोकडून किल्ली आणली. त्याने एक शब्द विचारला नाही. का परत आणली, काय झालं, काही नाही. कुठेतरी पाणी मुरत होतंच. खुर्ची खिडकीपाशी होती तशी ठेवली. शेजारी केळीचं पान, त्यावर चिकट भात, उकडलेलं अंडं, उसाच्या दारूची वाटी. माफी मागितली. कुलूप लावलं, मी स्वतः.

फाटकाशी तिला म्हटलं, आता मार हाक. नाव घेऊन.

ती उभी राहिली. घसा खाकरला.

"रोडालिन... चल. घरी चल."

आणि घरातून... कुलूप लावलेल्या घरातून...

"आले."

आवाज रोडालिनचा होता.

रोडालिन माझ्या शेजारी होती. तोंड मिटलेलं.

आम्ही पळालो नाही. पळायला पाय लागतात. कसेबसे तीनचाकीत बसलो. वाटेत मी मागे बघितलं नाही. गाडी मात्र चढावर जड चालत होती, मी तीस वर्षं चालवतोय, मला कळतं.

शुक्रवारी तिने हाँगकाँगला 'नाही' कळवलं. धंदा चालला. लोक बघायला येतात, चादरी घेऊन जातात, आणि आता कुणी आजीबिजी लिहीत नाही. झिया रोज आईच्या कुशीत झोपते. फादरना सांगितलं तर म्हणाले, झालं ना चांगलं, मग आभार माना. मानतो मी. पण संशय माझा जात नाही. जिची लेक परत आली नाही ती म्हातारी दुसऱ्या लेकराच्या आईला हाँगकाँगला का जाऊ देईल? अन् तसं असेल तर 'आले' म्हणून कोण बाहेर आलं, आणि किती जणी आल्या? की रोडालिनच्या आवाजात म्हातारीच... जाऊ दे. माझी रोडालिन आहे ती. मला भाचीवर संशय घ्यायचा नाही.

काय म्हणतोस? म्हातारी खुर्चीबरोबर परत गेली?

अरे, हाक खुर्चीला मारली नव्हती.

आता सगळ्यांनी एकदम वळू नका. एकेकाने बघा. तिकडे, शवपेटीच्या डाव्या बाजूला, मेणबत्त्यांपाशी, पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसलीय ती. झिया मांडीवर झोपलीय. बिस्किटं वाटून झाल्यापासून बसलीय, दमली असेल पोर. साधी रुंद खुर्ची आहे, पाठीला चांगली ऐसपैस.

बघितलंत?

मला सांगा... ती मागे टेकलीय का?