निकिताचा टाक

शेवगावच्या आमच्या आळीत इंग्रजी कागद आला की तो वाचायला मला बोलावण्याची रीत आहे. संस्कृताच्या निवृत्त अध्यापकाला सर्वच भाषा येतात, अशी लोकांची समजूत. श्रावणातल्या एका सकाळी भुसार व्यापारी आप्पासाहेबांनी मला तसेच बोलावले. त्यांची सून अश्विनी पाच महिन्यांची गरोदर होती आणि तिच्या रक्ताचा अहवाल आला होता. हिपॅटायटिस सी, अँटिबॉडी: रिअ‍ॅक्टिव्ह.

त्या घराला हे नाव नवे नव्हते. आप्पासाहेबांचा मुलगा आदिनाथ याची पहिली पत्नी निकिता दोन वर्षांपूर्वी याच विकाराने गेली. आप्पासाहेबांनी तिला शेवटपर्यंत गोठ्यालगतच्या खोलीत, वेगळ्या ताटात जेवू घातले. तिचाही अहवाल मीच वाचला होता, आणि ते ताट पाहूनही गप्प राहिलो होतो.

अश्विनीने निकिताला कधी पाहिलेही नव्हते. रिवाजाप्रमाणे तिच्या गळ्यात सवतीचा टाक तेवढा होता. मृत पत्नीची आकृती उठवलेला चांदीचा लहानसा पत्रा.

"मंजी तीच घान परत आली," आप्पासाहेब म्हणाले. "मिरजगावला माहेरी धाडा हिला. टाक हितंच ठेव. चांदी आमची हाय."

तिने टाक काढून दिला. त्यांनी तो बंडीच्या खिशात टाकला. आदिनाथ मान खाली घालून उभा होता. अशा पुरुषांविषयी लिहिण्यात शाई दवडू नये.

अज्ञानाची मला कीव येते. मिरवलेल्या अज्ञानाची किळस. दुसरी चाचणी होईपर्यंत सून कोठेही जाणार नाही, असे मी बजावले आणि पतिपत्नीस घेऊन नगरला गेलो.

तेथील डॉक्टर कैनात यांनी शांतपणे समजावले. पहिली चाचणी एवढेच सांगते की रक्ताची या विषाणूशी कधीतरी गाठ पडली होती. बरे झालेल्यांच्या रक्तातही ती खूण राहते. विषाणू आज आहे की नाही, हे दुसरी चाचणी सांगते.

चार दिवसांनी अहवाल आला. विषाणू आढळला नाही. अश्विनी निरोगी होती.

मात्र लग्नापूर्वी आप्पासाहेबांनीच हट्टाने करविलेल्या तपासणीत ती खूणही नव्हती. नंतरच्या वर्षभरात तिला ना सुई टोचली होती, ना रक्त चढवले होते.

"मग हिच्या रक्तानं हा आजार पाहिला कधी?" डॉक्टरांनी मला विचारले. त्यांनी घरातील सर्वांना तपासणीस बोलावले.

आदिनाथच्या रक्तात काहीच निघाले नाही. तीन आठवड्यांनी आप्पासाहेबांनी तोंड वाकडे करून रक्त दिले. अँटिबॉडी: नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह. बैलाचा दाखला फिरवावा तसा तो कागद त्यांनी बाजारभर फिरवला.

"आमचं रगत गंगेचं हाय, गुरुजी."

अर्धा कागद वाचून गंगा होत नाही, असे मी म्हणालो. डॉक्टरांनी त्याच रक्ताची दुसरी चाचणीही लावली होती.

विषाणू आढळला. लागण ताजी असावी, खूण उमटायला काही आठवडे लागतात, औषधाने माणूस बरा होतो, असे डॉक्टर सांगत होत्या. मग रक्तातील विषाणूंच्या संख्येच्या आकड्यापाशी त्या थांबल्या.

अठरा लाख बेचाळीस हजार सातशे तीन.

त्यांनी दवाखान्यातली निकिताची जुनी फाईल काढली. तिच्या अखेरच्या अहवालात हाच आकडा होता. शेवटच्या अंकापर्यंत.

यंत्र तपासले. निर्दोष होते. पुन्हा रक्त घेतले.

त्या वेळी आप्पासाहेबांची बंडी सरकली आणि टाक त्यांच्या गळ्यात दिसला. तो कोणी बांधला, हे त्यांना सांगता येईना.

आकडा तोच आला.

घरी परतल्यावर ते आपले ताट उचलून गोठ्याकडे निघाले. अश्विनी आडवी आली.

"मामा, ह्यो आजार जेवनातून लागत न्हाई. पंगतीत बसा."

तिच्या स्वरात दया नव्हती, रागही नव्हता. ते परतले. पाटावर बसले. तिने भाकरी वाढली.

आप्पासाहेबांनी धोतराचा सोगा आवरला. अंग चोरून उजवीकडे सरकले आणि डावीकडे एका माणसापुरती जागा केली. मग मान खाली घालून, त्या रिकाम्या जागेवरचा पहिला घास होईपर्यंत ते थांबून राहिले.