चौदा बोंबील उरलेली टोपली

या, जरा पुढे सरकून बसा. बुवा अजून पगडी बांधताहेत, पेटीवाल्याचा चहा संपायचाय. तेवढ्यात सातपाटीतल्या एका चोरीची गोष्ट सांगते. खुणा सगळ्या उघड्यावर ठेवीन. चोर मात्र तुम्ही ओळखायचा.

शुक्रवारी सकाळी नऊला मासळीच्या मांडवात देवीपुढे नारळ फुटला, प्रसाद वाटला गेला, आणि लॅपटॉप उघडून बसलेली स्नेहल एकदम उभी राहिली.

"मंजुळाताय, एक शेपूट गेलं!"

'दर्यालेक' हा सातपाटीच्या पंधरा बायकांचा सुक्या मासळीचा धंदा. मंजुळाताई त्यांची म्होरकी. त्यांच्या वेबसाइटचा जुना पत्ता डॉट कॉमचा होता. मुदत वाढवायची राहिली आणि तो कुणा परक्याने उचलला. आता नाव तेच, पण टिंबाच्या पुढचं नवं घ्यायचं होतं. बायका त्याला शेपूट म्हणत. शेपटाशिवाय मासळी कोण घेतं?

स्नेहल वाणगावची. संगणकाचं सगळं काम तिचं. तिने तीन शेपटं सुचवली होती: इन, शॉप आणि स्टोअर. गुरुवारी दुपारी मत पडलं. बहुमताने शॉप निवडलं. बोयसरच्या कारखान्यातल्या कामगारालाही ते कळतं म्हणून. पण नवी होडी नारळाशिवाय पाण्यात जात नाही, मग नवं नाव तरी कसं जाईल? म्हणून खरेदी शुक्रवारवर ठेवली.

आणि रात्रीतून डॉट स्टोअर कुणीतरी घेतलं होतं.

तेवढ्यात मंजुळाताईंचा फोन वाजला. व्यापारी धर्मेशचा निरोप: 'दर्यालेक आता माझं. इथून पुढं माल माझ्या दुकानातून जाईल.'

"त्याच्या बापाचं हाय काय नाव?" मंजुळाताई कडाडल्या.

कमळीने स्नेहलकडे पाहिलं. "नावं हिनंच काढली, चिठ्ठ्या हिनंच लिवल्या. भायेरची पोर. हिला लॅपटॉपवरनं उठवा."

बाकीच्या बायका खाली बघू लागल्या. मागे बोंबील वाळत घालणारी ठमी तेवढी पुढे आली. ठमी डोंगराकडची, रोजावरची. तिला मत नव्हतं.

"पोर खोटी नाय," ती म्हणाली.

"तुला कोन इचारतं?"

"कोन नाय. तरी सांगते."

स्नेहलचे डोळे भरले होते, पण मान ताठ होती. "शॉप अजून मोकळं आहे. आत्ता घेते. पण मला उठवायचं असेल तर मी इथनं हलत नाही. डाग घेऊन घरी जाणार नाही."

"बराबर," मंजुळाताई म्हणाल्या. "धर्मेशनं शॉप नेलं तरी चालंल. पयला पोरीवरचा डाग पुसायचा. मग हिच्याच हातानं नाव घ्यायचं. दादूकाकांना बोलवा."

दादूकाका म्हणजे निवृत्त हवालदार. पालघर ठाण्यात तीस वर्षं काढली. आता भजनात टाळ धरतात. ते आले ते टाळ खांद्याला अडकवूनच.

"मत कसं घेतलंत?"

"बंदरावरच्यासारखं," मंजुळाताई म्हणाल्या. "तीन टोपल्या, हरेकीवर शेपटाची चिठ्ठी, हरेकीत पंधरा बोंबील. जिला जे शेपूट आवडंल तिनं त्या टोपलीतला एक उचलायचा. पसंत माल उचलतात ना, तसं. शॉपचे अकरा गेले, इनचे तीन, स्टोअरचा एक."

"टोपल्या नंतर कुठं होत्या?"

"मांडवातच," ठमी म्हणाली. "सगळ्या बंदरावर गेल्या, स्नेहल घरला गेली. मी मांडवाच्या मागं बोंबील वाळत घालीत व्हते. सांजेला मीच झाकल्या."

"मधे कोण आलं?"

"म्या नाय कुनाला पायलं."

दादूकाकांनी फळीवरचं पाकीट उचललं. नव्या पाकिटाचा नमुना होता. बोयसरचा छपाईवाला केदार तो सकाळीच घेऊन आला होता आणि पत्ता ठरण्याची वाट बघत बसला होता. पाकिटावर टोपल्यांचा मोठा फोटो: एक अर्ध्याहून कमी, दोन भरलेल्या.

"फोटो छान काढलात, केदारशेठ. कधी काढलात?"

"काल दुपारी. मत पडायच्या आधी. काढला नि लगेच निघालो."

"आत कुणी होतं?"

"बायका गोळा होत होत्या. मला काय त्यांच्या शेपटांशी देणंघेणं?"

"नाय तर काय," दादूकाका हसले. "मंजुळा, तुमच्या कुणाला हे गृहस्थ काल दिसले?"

एकही मान हलली नाही.

दादूकाकांनी टाळ खाली ठेवला. कीर्तनात आख्यान लावतात तसा आवाज लावला.

"चोरानं स्टोअर का घेतलं, एवढंच मी आल्यापासून मनाला इचारतोय. स्नेहलनं फोडलं असतं तर तिनं शॉप सांगितलं असतं. निकाल तिला ठाऊक होता. ठमीनं टोपल्या पायल्या, पण बंदरावर तिची उमर गेली. रिकामी टोपली जिंकली हे तिला कळतं. तुमी पंधराजणींनी तर हातानं बोंबील उचलले. मग चुकलं कोण? ज्यानं टोपल्या पायल्या, पण रीत ठाऊक नव्हती, तो. मतपेटीत कागद टाकायची सवय असलेला. त्याला वाटलं, जिच्यात जास्त बोंबील तीच जिंकली. स्टोअरच्या टोपलीत चौदा होते."

केदार उठला. दारात मंजुळाताई उभ्या होत्या. दादूकाकांनी पाकीट त्याच्यापुढे धरलं.

"फोटो मताआधीचा म्हणालास ना? तेव्हा तिन्ही टोपल्यांत पंधरा-पंधरा होते. तुझ्या फोटोतली मोज. चार, बारा, चौदा. टोपल्यांवरच्या चिठ्ठ्या पुसल्यास, बोंबील पुसायचं राहिलं."

केदार दारातूनच मागे फिरला. "धर्मेशशेठ म्हणाले, सगळ्या मालाची पाकिटं तुझ्याकडं देतो. मांडवात कुणीच नव्हतं... मी फोटो पाठवला फक्त."

"तुझी पाकिटं तुझ्याकडंच ठेव," मंजुळाताई म्हणाल्या. "आमी हातानं पत्ता लिवू. आणि तुझ्या शेठला सांग, ती शिळी टोपली त्यालाच लखलाभ."

कमळी स्नेहलजवळ गेली. तिने लॅपटॉपवरचा खोबऱ्याचा तुकडा उचलला, जागा पदराने पुसली. "दाब, पोरी. तूच दाब."

स्नेहलने बटण दाबलं. डॉट शॉप दर्यालेकचं झालं.

पुढच्या महिन्यात पाकिटाचा रंग निवडायचा होता. मंजुळाताईंनी टोपल्यांत बोंबील मोजून ठेवले, तेव्हा कमळीने हटकलं, "हरेकीत सोळा झाले. एक जास्ती हाय."

"जास्ती नाय," मंजुळाताई म्हणाल्या, आणि त्यांनी मागे बघून हाक मारली, "ठमे, ये, उचल तुझा."

बघा, बुवांनी चिपळ्या घेतल्या. मी थांबते. एवढंच करा: सगळे गप्प असताना कुणा पोरीसाठी बोलावंसं वाटलं, आणि जीभ अडली, तर आमच्या ठमीला आठवा.