ट्रकखालचा विद्यार्थी

पहिल्या भेटीत त्याला फक्त तिच्या चपला दिसल्या आणि तिला फक्त त्याचे बूट. बाकीचा तो ट्रकखाली आडवा पडून गिअरबॉक्सशी भांडत होता.

"कोणी आहे का?" वरून आवाज आला.

"आहे की. सध्या अर्धाच आहे."

वर कुणीतरी हसू दाबलं. मग ओळख झाली. ती एका संस्थेची. संस्था सीमेच्या दोन्ही अंगांच्या वस्त्यांत मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवायची, आणि त्याने खरंच काही फरक पडतो का, याचा अभ्यास करायची. दारोदार फिरून प्रश्न विचारायचं काम हिच्याकडे.

"तुमचं शिक्षण?"

नेमकं त्याच वेळी त्याने मान तिरकी करून चाकाआडून वर पाहिलं. वाऱ्याने तिचे केस तोंडावर आले होते, पेन दातात धरून ती ते मागे सारत होती...

"नसलं तर काय करता?" त्याने विचारलं.

"वर्गात घेतो. संध्याकाळी, नाक्यासमोरच्या गोदामात."

"शिकवतं कोण?"

"मी."

"मी शाळेचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही हो," म्हणत मेकॅनिक ट्रकखालून बाहेर आला.

आता खरं सांगायचं तर या पठ्ठ्याकडे इंजिनिअरिंगचा डिप्लोमा होता. तोही पहिल्या वर्गातला. आईने फ्रेम करून दारासमोरच लावलेला, पाहुण्याला पाण्याआधी तो दाखवायची.

वर्गात सगळ्या बायका. गोदामांत जुने कपडे निवडणाऱ्या, गठ्ठे उचलणाऱ्या. त्यातल्या एक मावशी तर सीमेपलीकडच्या. दिवसाचा पास काढून यायच्या, फाटक बंद व्हायच्या आत परत. मेकॅनिकचा डिप्लोमा एकूण एक बाईला माहीत होता. पण एकीनेही तोंड उघडलं नाही. फुकटचा तमाशा कोण बंद पाडेल?

आणि तमाशा झकास होता. हा गडी पेन्सिल पान्यासारखी धरायचा. ती येऊन त्याची बोटं नीट बसवायची. दुसऱ्या दिवशी बोटं पुन्हा विसरायची.

"पोरा, पान्यावर बरी बसतात रे तुझी बोटं," मावशी पुटपुटायच्या.

"मावशी, अभ्यास करा."

"करतेय की. तुझाच."

ती वहीत डोकावायची. "तुमचा 'ळ' सुरेख आलाय हं."

"ज्याच्यासमोर बसलोय त्याचा गुण."

"फळ्यासमोर बसलाय तुम्ही."

"फळ्याच्या अलीकडे कुणीतरी उभं असतं ना, बाई..."

तिचा खडू मोडायचा. हल्ली तिचे खडू फार मोडत होते.

पण नाटक करायलाही अंगात गुण लागतो. याला हळू शिकणं जमेना. बघता बघता गडी पेपर वाचायला लागला. वर चाचणीच्या दिवशी शेजारच्या बायकांना हळूच उत्तरंही सांगून मोकळा झाला. तेवढंच पुण्य.

मग एक दिवस ती जवळजवळ पळतच आली. "चाचणीचे आकडे आले. वर्गांनी फरक पडतो हे खरं ठरलं तर दोन्ही बाजूंच्या गावांत असे वर्ग निघणार आहेत. आणि अख्ख्या अभ्यासात सगळ्यात जास्त प्रगती कुणाची, माहितीये?" तिने त्याच्याकडे पाहिलं. "ऑफिसात सगळे म्हणायचे, मोठी माणसं शिकत नसतात. तुमच्यामुळे मला..."

मेकॅनिकचा चेहरा ऑइल गळालेल्या इंजिनासारखा झाला.

"आता?" घरी आईने विचारलं. "सून आली की तो डिप्लोमा कुठे लपवू? फ्रिजमागे?"

दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी वर्गात पोचला. ती फळा पुसत होती. याने खडू उचलला आणि झरझर लिहिलं – माझा डिप्लोमा झालाय. ट्रकखालून तुम्ही दिसलात आणि मी खोटं बोललो.

तिने ते दोनदा वाचलं.

"चाचणीत शेजारून कुजबुज येत होती. बायकांना उत्तरं कोण सांगत होतं?"

"...मीच."

"म्हणजे सगळंच गेलं." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "उद्या हे कळलं की लोक म्हणतील, या बायकांना काही येतच नव्हतं. त्या खरं शिकल्या असतील ना, तरी ते खोटंच ठरेल. तुमची गंमत झाली. त्यांचं काय?"

त्याने खडू खाली ठेवला.

"बाहेर," ती म्हणाली.

तिने ऑफिसला सगळं कळवलं, त्याचं नाव काढून टाकलं आणि चाचणी नव्याने ठेवली. त्या दिवशी मेकॅनिक समोरच्या फुटपाथवर जाऊन बसला. आत बायका माना खाली घालून लिहीत होत्या. एकीने सवयीने शेजारी पाहिलं. शेजारी भिंत. तिने पुन्हा मान खाली घातली.

फाटकाचा भोंगा झाला. मावशी लगबगीने बाहेर पडल्या, जाताना याच्या डोक्यात एक टपली मारून गेल्या. मग बाकीच्या गेल्या. किती तरी वेळाने कागद छातीशी धरून ती आली.

"दोघी थोडक्यात हुकल्या. बाकी सगळ्या पास. कुणीही न सांगता."

त्याने डोळे मिटून श्वास सोडला. "बस. मग मी निघतो."

"थांबा. शेवटचा प्रश्न होता, मनातलं काहीही लिहा. घ्या, वाचा." तिने कागद पुढे केले. "वाचता येतं ना तुम्हाला?"

हे लागायचं तिथे लागलं. तो वाचायला लागला. "'माझा गुडघा दुखतो.' 'फाटकावरचा शिपाई उद्धट आहे.' 'बाई त्याला माफ करा.' 'मेकॅनिक गाढव आहे पण कष्टाळू आहे.'" मग मावशींचा कागद आला. अक्षर मोठं, उताराला लागलेलं. "'बाई तुला पण तो...'"

तो थांबला.

"अडलं का?" ती म्हणाली.

"'...तुला पण तो आवडतो. आम्हाला दिसतं.'" त्याने मान वर केली. "बाई, हे खरं आहे का?"

"प्रश्न मी विचारते. माझं काम आहे ते." ती कागदांच्या कडा जुळवत राहिली. मुळात जुळलेल्याच होत्या. "रविवारी काय करताय?"

"वर्गातून हाकललंय. मोकळाच आहे."

"पास काढा मग. पलीकडे मावशींकडे जेवायला बोलावलंय. दोघांना."

"दोघांना, असं मावशी म्हणाल्या?"

"नाही," ती म्हणाली आणि रस्त्याकडे बघत हसली. "ते मी म्हणतेय."