सहा मिनिटांची चाल

"ओ! तो शंकू खाली ठेवा आधी!"

शहापूरच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात संघरत्ना एवढ्या मोठ्यानं ओरडली की तिची तीच दचकली. केशरी शंकू हातात घेतलेला तो उंच पोरगा गर्रकन वळला.

"वाटेत होता... म्हटलं कोनाचा पाय अडकंल."

"तीस मीटर मोजून ठेवलाय तो. पेशंटनं तिथं वळायचं असतं."

"मी बी वळलोच की..."

आणि तो हसला. एरवी कुणाला न जुमानणारी ही सापगावची फिजिओथेरपिस्ट एकदम गोंधळली आणि टेबलावर वेळ मोजायचं घड्याळ शोधू लागली. घड्याळ गळ्यातच होतं.

तो टोकावड्याचा अनिकेत, घाटरस्त्यावरच्या ढाब्यावर स्वयंपाकी. त्याचे वडील बारकू बाकावर धापा टाकत बसले होते. वीटभट्टीच्या धुरानं फुफ्फुसं कायमची आजारी, वजन अडतीस किलो. अशा हडकुळ्या पेशंटना डॉक्टर हार्मोनची इंजेक्शनं देऊन, जोडीला व्यायाम करवून बघत होते. नुसतं वजन वाढून भागणार नव्हतं. तीन महिन्यांनी माणूस सहा मिनिटांत निदान तीस मीटर जास्त चालायला हवा, नाहीतर इंजेक्शनं बंद. पहिल्या दिवशी बारकूकाका चालले दोनशे अठरा मीटर.

या परीक्षेत संघरत्नानं ठरलेली वाक्यंच बोलायची. दर मिनिटाला, "छान चाललंय. असंच चालू ठेवा." बाकी तोंडाला कुलूप. हे कळल्यावर अनिकेतला रानच मोकळं मिळालं! पुढच्या महिन्याच्या परीक्षेला तो तिच्या शेजारीच येऊन उभा राहिला.

"नाचणीचे लाडू केलेत बासाठी," तो कुजबुजला. "दोन तुमाला."

"छान चाललंय," ती काकांकडे बघत म्हणाली.

"ढाब्यावर मन लागत नाय. हितंच यावंसं वाटतं..."

"असंच चालू ठेवा."

हसू दाबता दाबता तिची पुरेवाट झाली. घरी आरशासमोर वेणी घालताना तिनं स्वतःशी कबूलच केलं, आपण पुरत्या प्रेमात पडलोय.

तीन महिने भरले. काकांचं वजन बेचाळीस! पण चाल? अनिकेतचा चेहरा उतरला होता.

"बा पास झाला तर तुमाला एक इचारायचंय."

"आणि नाही झाले तर?"

"मंग इंजेक्शन बंद, येनं बंद... कुठल्या तोंडानं इचारू?"

घड्याळ सुरू झालं. काका झपाझप निघाले. चार मिनिटं झकास गेली आणि सहाव्या खेपेच्या शेवटी ते भिंतीला धरून थांबले. छाती भात्यासारखी हलत होती. घड्याळ मात्र थांबत नाही. अनिकेत ओरडणार, तोच संघरत्नानं त्याचं मनगट घट्ट धरलं... बोलायचं नाही! धरलेलं मनगट सोडायचं मात्र ती विसरली.

काकांनी मान वर केली. पोराकडे पाहिलं, मनगटाकडे पाहिलं. सुकलेल्या चेहऱ्यावर मिस्कील हसू पसरलं आणि त्यांनी भिंत सोडली.

"सहा मिनिटं संपली. थांबा!"

आठ खेपा आणि वर तेरा मीटर. दोनशे त्रेपन्न!

"पास!" संघरत्ना नियमबियम विसरून किंचाळली. मग वळून म्हणाली, "विचारा आता."

तिनं पुन्हा घड्याळ दाबलं. "सहा मिनिटं आहेत तुम्हाला."

"मी... म्हंजे आमी... तुमी..."

"तीन गेली रे!" काका खुर्चीतून म्हणाले. "तुझ्यापरीस मी बेगीन चाललो."

अनिकेतनं डोळे गच्च मिटले. "मला तुमी लय आवडता. त्या शंकूपासून! माझ्याशी लगीन कराल?"

तीन महिने संघरत्नानं या प्रश्नाची किती उत्तरं घोकली होती! ऐन वेळी जिभेवर आलं ते एकच.

"छान चाललंय," ती घड्याळ थांबवत म्हणाली. गाल तापले होते, डोळे भरले होते. "रविवारी सापगावला या... आणि आईसमोरही असंच चालू ठेवा."