गंगव्वाच्या कागदावरचा आकडा

यमनाप्पा कांबळे मूळचा निपाणीचा. बापाचा जन्म तंबाखूच्या वखारीत पोती उचलण्यात गेला, पण पोरगा शिकला आणि बेळगावातल्या एका दवाखान्यात रेकॉर्ड क्लार्क म्हणून चिकटला. काम सरळ होतं. डॉक्टरनं केसपेपरवर रोग लिहायचा, यमनाप्पानं जाडजूड पुस्तकात बघून त्या रोगाचा आकडा शेजारी घालायचा आणि कागद तळघरातल्या मांडणीवर नेऊन ठेवायचा. मिरगी असली की ३४५. सात वर्षांत हा आकडा त्याच्या हाताला पाठ झाला होता.

१९८४ सालच्या श्रावणातली दुपार. बाहेर झड लागलेली. वडगावची अंजनी नावाची बावीस वर्षांची विणकरीण त्या दिवशी घरी जायची होती. उभ्या उभ्या पडते म्हणून आणलेली. कागदावर लिहिलं होतं, मिरगी. यमनाप्पानं ३४५ घातला, गठ्ठा काखेत मारला आणि तळघरात उतरला.

मांडण्यांमधल्या बोळात पोचतोय तोच वीज गेली.

तळघराला खिडकी नव्हती. जिन्यातून झिरपणारा राखाडी उजेड पहिल्या दोन मांडण्यांपाशीच संपत होता. यमनाप्पाला ह्याची सवय होती. भिंतीला पाठ टेकून तो वीज यायची वाट बघत राहिला. जुन्या कागदांचा कोंदट वास येत होता. हळूहळू त्यात दुसराच वास मिसळला. आंबूस, उकडलेला... सुताला लावायच्या खळीचा.

मग आवाज आला. ठक्...

हातमागाची फणी आडव्या धाग्यावर आपटते, तो आवाज. विणकरांच्या शहापुरात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या यमनाप्पाला तो झोपेतही ओळखू आला असता. पण दवाखान्याच्या आसपास माग नव्हता. आणि इतका सावकाश माग कुणी चालवत नाही. ठक्... की मग एवढी शांतता, की विणणारीचा हात थांबला असं वाटावं... आणि पुन्हा ठक्.

घड्याळाचे रेडियमचे काटे बघत त्यानं मोजलं. मिनिटाला बत्तीस. पुढच्या मिनिटाला अठ्ठावीस.

"कोन हाय तितं?"

ठक्... शेवटच्या मांडणीकडून.

त्यानं काडी ओढली आणि पाय रेटत तिकडं गेला. १९७७ च्या गठ्ठ्यातून एकच कागद अर्धा बाहेर आला होता. नाव गंगव्वा, वय चौतीस, वडगाव. जवळचं माणूस : मुलगी अंजनी, वय पंधरा. रोग मिरगी. शेजारी ३४५, त्याच्याच अक्षरात, नोकरीच्या पहिल्या महिन्यातला. खाली नर्सनं टिपलेली नाडी : छत्तीस, चौतीस, तीस.

त्याला आठवलं. मिरगीत नाडी अशी उतरते का, हे विचारावं असं तेव्हा मनात आलं होतं. पुस्तकाचं दुसरं पानही त्यानं उघडलं होतं. हृदयाच्या वरच्या कप्प्याचा इशारा खालच्या कप्प्यापर्यंत पोचतच नाही, त्या रोगाचं. पण नवा माणूस, त्यात हमालाचा पोरगा. डॉक्टरला कोण विचारणार? त्यानं आकडा घातला होता आणि पान मिटलं होतं.

दुसरी काडी ओढून त्यानं काखेतला अंजनीचा कागद काढला. नाडी : चाळीस, छत्तीस, बत्तीस.

ठक्... आणि आवाज थांबला.

तो कान देऊन उभा राहिला. काडी बोटापर्यंत जळाली. पुढचा ठोका येईना...

दोन्ही कागद घेऊन तो जिना चढत सुटला.

वॉर्डात अंजनी जमिनीवर पडली होती. ओठ काळेनिळे. बांधलेलं बोचकं टाकून नवरा मष्णू तिच्याजवळ बसला होता. "फिट आलीय," म्हणत सिस्टर मिरगीची सुई भरत होत्या.

"बाई, सुई नको! आदी नाडी बगा, नाडी!" यमनाप्पा ओरडला.

पलीकडच्या खाटेपाशी असलेले डॉक्टर अंकलगी धावले. त्यांनी मनगट धरलं, मान चाचपली आणि मूठ आवळून छातीवर दणका दिला. एक. दुसरा. अंजनीनं आचका देऊन श्वास घेतला.

पाठोपाठ सलाईन लागलं, वीज आली, ईसीजीची पट्टी निघाली. पट्टी बघून डॉक्टर यमनाप्पाकडं वळले.

"मिरगी नाही ही. हार्ट ब्लॉक आहे, वरचा इशारा खाली पोचतच नाही. तुम्हाला कसं कळलं?"

यमनाप्पानं गंगव्वाचा कागद पुढं केला. "आईचा हाय, साहेब. तवा मला शंका आलती. मी गप बसलो."

मष्णूनं कागदाकडं बघून डोळे पुसले. "सासू बी अशीच गेली, अण्णा. मागावर बसल्या बसल्या."

डॉक्टरांनी अंजनीच्या कागदावरची मिरगी खोडली. "आकडा घाला." यमनाप्पानं हार्ट ब्लॉकचा ४२६ लिहिला.

त्याच संध्याकाळी अंजनीला अँब्युलन्सनं पुण्याला नेलं. पंधरा दिवसांनी मष्णूचं आंतरदेशीय पत्र आलं. छातीत यंत्र बसवलंय, नाडी सत्तर हाय, परवा ती जिना चढून आली, तुमचं उपकार लई हायत. यमनाप्पानं पत्र दोनदा वाचलं आणि सात वर्षांचं ओझं खांद्यावरून उतरल्यासारखा खुर्चीत मागं रेलला.

डॉक्टरांना विचारून त्यानं गंगव्वाचा कागदही पुढं घेतला. ३४५ वर रेघ मारली, खरा आकडा लिहिला, तारीख घातली. कागद टेबलावर ठेवून, खोलीला कुलूप लावून तो चहाला गेला. किती तरी दिवसांनी चहा गोड लागला.

परत येऊन त्यानं कुलूप उघडलं. कागद होता तिथंच होता. पण अगदी तळाशी, 'रुग्णाची सही अथवा अंगठा' ह्या सात वर्षं कोऱ्या राहिलेल्या जागी, एक अंगठा उमटला होता. दवाखान्याची शाई जांभळी. हा ठसा हिरवागार, वडगावच्या मागावर विणतात त्या लुगड्याच्या काठाच्या रंगाचा.

यमनाप्पानं हळूच बोट टेकवलं. ठसा अजून ओला होता.